कुंकवाची फ्लॉपी

"हात पुढे कर गो," सर म्हणाले.

मी केले. दोन्ही. तळवे वर. सरांनी स्वतः वास घेतला नाही. त्यांनी मेधाला बोलावलं. मेधा माझ्याच कॉलेजातली, माझ्याच बाकावर बसणारी, आंब्याच्या बागा असलेल्या घरातली. सर तिला म्हणाले, "बघ, येतोय का." ती वाकली. माझ्या बोटांजवळ नाक आणलं. आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "थोडा येतोय."

मागची पोरं हसली. सरांनी मला समजावलं की मशीन नाजूक असतं, आणि मोरीवर पाठवलं. मी साबणाने हात धुतले, परत आले, परत पुढे केले. दर वेळी हेच. बाकीच्यांनी फक्त चपला बाहेर काढायच्या. मी चपला काढायच्या आणि हातही दाखवायचे.

आम्ही खारवी. आई दाभोळची, लग्न होऊन रत्नागिरीच्या बंदरावर आलेली. बाप बोटीवर, आई बाजारात मासळी विकायची. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं ती. कॉम्प्युटर म्हणजे काय, हे आमच्या वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी बंगल्याच्या एका खोलीत मशीन आणलं, एसी बसवला, पडदे लावले आणि क्लास काढला. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर यायचा होता आणि चालवायला माणूस सरांना विचारूनच घेणार होते. मला ती नोकरी हवी होती. त्यासाठी मशीनवर हात बसायला हवा. आठवड्यातून प्रत्येकाला एक तास ठरलेला.

माझा तास मोरीवर जायचा. जे काही उरायचं त्यात सर म्हणायचे, तू कागदावर लिही, मेधा टाइप करील. बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याने आपलं नाव घालायचं, अशी क्लासची पद्धत. माझ्या प्रोग्रॅमवर मेधाचं नाव पडायचं. चालला की शाबासकी तिला. अडला की सर माझ्याकडे बघायचे.

क्लास सुटला की पोरं व्हरांड्यात गप्पा मारत उभी राहायची. कुणाचा मामा मुंबईहून कॉम्प्युटरचं मासिक पाठवतो, त्यातला कुठला गेम टाइप केला, कुठल्या ओळीला एरर आली, कुठलं पुस्तक सोपं. मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावायचे. तेवढंच कानावर पडायचं. एकदा धीर करून विचारलं, मासिक एक दिवस वाचायला द्याल का. त्यातला एक म्हणाला, "देईन, पण परत आणलंस की आई उन्हात टाकायला लावील." सरांचं पुस्तक सगळ्यांना घरी न्यायला मिळायचं. मला व्हरांड्यात. उभ्याने. सरांचा चहा होईपर्यंत.

मी काय करत होते तेव्हा? हात घासत होते. लिंबू, चिंच, राख. बोटांची सालं निघाली. घरात मासळी शिवणं सोडलं. आई बाजारातून आली की लांब सरकायचे. तिला कळत नव्हतं थोडंच? ती म्हणायची, "नको गो लावू हात. तुजे हात लिवायचे हायत." आणि डोक्यावरची टोपली एकटीच उतरवायची. आईच्या घामाची मला किळस यावी, इतकं त्या माणसाने माझ्या डोक्यात भरलं होतं.

मग दसरा आला. दसऱ्याला ज्याचं त्याचं हत्यार पुजतात. सुतार रंधा पुजतो, आम्ही बोट आणि जाळं. सर मशीन पुजणार होते. आदल्या दिवशी मला म्हणाले, "उद्या तू नाही आलीस तरी चालेल. पूजा आहे." मी गेले नाही. काय झालं ते नंतर पोरांच्याच बोलण्यातून कळलं. सरांच्या बायकोने सगळ्या फ्लॉप्या पाटावर ओळीने मांडल्या आणि एकेकीला हळदकुंकू लावलं. फ्लॉपी म्हणजे चौकोनी पाकिटात बंद केलेली पातळ तबकडी. पाकिटाला एक उघडी खाच असते, मशीन तिथूनच वाचतं. बाईंचं बोट नेमकं तिथे टेकलं. मग सरांनी मुहूर्त म्हणून त्यातलीच एक फ्लॉपी मशीनमध्ये सारली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मशीन एकही फ्लॉपी वाचेना.

कोल्हापूरहून मेकॅनिक बोलावला. तो आला त्या दिवशी माझाच तास होता. आम्ही सगळे दाराशी उभे. त्याने फ्लॉपी जाते तो डबा उघडला, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि आत फिरवला. कापूस लाल झाला. दुसरा घेतला. तोही लाल. "कुंकू गेलंय की आत," तो म्हणाला, हसला, साफसफाई केली, स्वतःजवळची फ्लॉपी घालून मशीन चालू करून दाखवलं आणि गेला.

सर त्याला फाटकापर्यंत सोडून आले. मग आमच्याकडे वळले. म्हणाले, चिमूटभर कुंकवाने काही होत नसतं, ते देवाचं. मशीन आतून आधीच खराब झालं होतं. तेलकट हातांनी. मासळीच्या हातांनी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मशीनला हात जोड," सर मला म्हणाले. "चुकले म्हण. आणि उद्यापासून बाहेर बसून कागदावर लिही. सर्टिफिकेट देईन मी."

मी मेधाकडे पाहिलं. ती पूजेला होती, बाईंना फ्लॉप्या मांडायला तिनेच मदत केली होती. ती पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. लाल कापूस टेबलावर तसाच पडलेला. सगळ्यांना दिसत होता. तरी सगळे बघत होते माझ्याच हातांकडे.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. वासाचा प्रश्नच नव्हता. मी हात कापून ठेवले असते तरी यांनी मनगटाचा वास घेतला असता.

मी हात जोडले नाहीत. खुर्ची ओढली आणि मशीनसमोर बसले.

"हा माझा तास आहे, सर."

पहिल्या ओळीत मी माझं नाव टाइप केलं. एकेक अक्षर शोधत, एका बोटाने. सरांनी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. स्क्रीन काळा झाला. नाव गेलं. एसी बंद पडला. सर म्हणाले ऊठ. मी म्हटलं, तास संपला की उठीन. पोरं एकेक करून बाहेर सटकली. खोली तापली. सर दारात उभे राहून माझ्या आईबद्दल आणि जातीबद्दल बोलत राहिले. ते शब्द मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचे त्यांना लखलाभ. मी त्या विझलेल्या स्क्रीनसमोर घामाघूम होऊन बसले. क्लासमध्ये अख्खा तास मला पहिल्यांदा मिळाला.

तिथून थेट बाजारात गेले. आईसमोर गिऱ्हाईक सुरमईच्या तुकड्या मागत उभं होतं. मी तिच्या शेजारी फतकल मारली, कोयता तिच्या हातातून घेतला आणि सुरमई कापायला लागले. रक्त, खवले, सगळं कोपरापर्यंत.

"अगो, हात," आई म्हणाली.

"असू दे. हात माझे हायत."

आईने गिऱ्हाइकाला तुकड्या बांधून दिल्या. मग तिने दुसरी सुरमई माझ्यापुढे सरकवली.

मिरजोळ्याची नोकरी मेधाला लागली. मला मशीन मिळायला फार वर्षं गेली. त्या वर्षांची भरपाई कुणी केलेली नाही, कुणी करूही शकत नाही. मेधाला मी माफ केलेलं नाही, सरांना तर नाहीच, आणि मन मोठं कर म्हणून सांगायला कुणी माझ्या दारात येऊ नये. लिंबू मी आता फक्त तळलेल्या तुकडीवर पिळते. कामाला बसताना हात कुणाला दाखवत नाही. पुन्हा कधी कुणी म्हणालं, हात पुढे कर, तर हात पुढे येईल. वास द्यायला येणार नाही.