तीनशे वॅटांचं गाव

"लोड किती?"

काकांनी हे जिच्याबद्दल विचारलं नाही, अशी गोष्ट आमच्या आळीत उरली नव्हती. कोणाकडे बारसं असलं की, लोड किती? म्हणजे पानं किती उठणार. माझी मुलगी शाळेला निघाली की तिचं दप्तर दोन बोटांनी उचलून तिलाच विचारायचे, "बाळे, लोड किती?" मी आणि बायको मोटरसायकलवरून आरे-वारेच्या किनाऱ्याला निघालो की काका फाटकाशी उभे राहून मागच्या टायरकडे बघत राहायचे. विचारायचे मात्र नाहीत. हा त्यांचा सभ्यपणा. तुम्ही मला पाहिलेलं नाही, म्हणून सांगितलं.

काका पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. डोंगराच्या पोटातलं वीजघर. बोगद्यातून आत जायचं आणि बाहेर ऊन आहे की चांदणं, ते घड्याळाला विचारायचं. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीत आमच्या शेजारच्या दोन खोल्या घेऊन ते एकटेच राहत होते. काकू आधीच गेल्या होत्या, मुलगी पुण्याला. नोकरी सुटली, तरी जबाबदारी काही सुटली नव्हती. आळीतली लाइट गेली की काका ओट्यावर येऊन उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अपराधी चेहऱ्यानं बघत. जोशांच्या मिक्सरमधली चटणी अर्धवट राहिली, तर त्याचंही त्यांना वाईट वाटायचं. लाइट आली की चेहरा सुटायचा. "आलं आमच्याकडचं पाणी," असं पुटपुटत आत जायचे.

पहिली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, वीजघरातल्या माणसांची ही बोलायची पद्धत असेल. मग एकदा गप्पांत कळलं, की ते अगदी शब्दशः बोलत होते. काकांचं गाव घाटावर, धरणाच्या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते. ते पाणी डोंगराखालून बोगद्यानं पोफळीला आलं, आणि काका मोठे होऊन त्याच पाण्यावर फिरणाऱ्या यंत्रासमोर जाऊन बसले.

"ड्यूटीवर कधी डोळा लागला नाही माझा," ते म्हणाले. "गाव जायचं ना शेजारून, सारखं."

हे सांगताना ते शेंगा सोलत होते. आवाज जराही बदलला नव्हता. मी मात्र त्या रात्री दिवा मालवताना उगाच घुटमळलो.

काकांकडे एक जुना कॉम्प्युटर होता. पिवळा पडलेला, पंख्याचा आवाज दमेकऱ्यासारखा. वीजघराच्या ऑफिसात ते नकाशे काढायचा एक प्रोग्राम शिकले होते, तो त्यात होता. त्यावर काका आपलं गाव काढत होते. निळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा. चौकोन म्हणजे घर, गोल म्हणजे विहीर, ठिपक्याठिपक्यांची नदी. गावची माणसं चार जिल्ह्यांत पांगलेली. काका त्यांना फोन करून विचारायचे, की तुमच्या गोठ्याच्या मागे काय होतं, चिंच की आंबा? पलीकडचा म्हातारा विचारात पडायचा, काका रिसीव्हर कानाला लावून थांबायचे. मग माउस हलायचा आणि निळ्या पडद्यावर एक झाड उगवायचं.

पण फोनवरची म्हातारी माणसं एकेक करून कमी व्हायला लागली. खालची आळी सगळी कोरीच होती. ती सांगू शकेल असं आता एकच माणूस उरलं होतं. काकांची थोरली बहीण, आक्का. काकांपेक्षा आठ वर्षांनी मोठी, रायगडाकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत मुलाजवळ राहायची. दरवर्षी गौरीला काकांकडे यायची. माहेर पाण्यात, म्हणून भावाच्या दोन खोल्या हेच माहेर. त्या वर्षी तिनं फोनवर सांगितलं, की ही शेवटची खेप, गुडघ्यांनी आता हात जोडलेत.

आणि आक्का यायला चार दिवस असताना लाइट गेली, आली, कॉम्प्युटरच्या डब्यात ठप्प असा आवाज झाला आणि खोलीभर करपलेला वास पसरला.

काकांनी मला हाक मारली. मला कॉम्प्युटरातलं कळतं असा आळीत समज आहे. मागे एकदा मी कोणाचा तरी बंद पडलेला प्रिंटर प्लग बसवून सुरू केला होता, त्याची ही पुण्याई. मी डब्याला कान लावला, दोन टपल्या मारल्या आणि विंडोज उडालं असावं असं जाहीर केलं. काका म्हणाले, दिवासुद्धा लागत नाहीये, विंडोजपर्यंत आपण अजून पोचलेलोच नाही.

उडाला होता एसएमपीएस. कॉम्प्युटरच्या पोटात मागच्या बाजूला एक लोखंडी डबा असतो, भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या पचनाप्रमाणे वाढणारा, तो. पुण्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, बाबा, ते भंगारात द्या, मी लॅपटॉप पाठवते. पण तो जुना प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नव्हता. नवं मशीन आलं असतं, गाव उघडलं नसतं.

मारुती मंदिराजवळच्या एका गाळ्यात इक्बालचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बरीच वर्षं आखातात हेच काम करून परत आलेला, बोलण्यात घाई, हातात घाई. त्यानं काउंटरवर तीन डबे ठेवले. पहिला पातळ पत्र्याचा, सगळ्यात स्वस्त, वर मोठ्या आकड्यात साडेचारशे वॅट. दुसरा काचेचा, आत पंख्याला लाल-हिरवे दिवे. एवढ्या किमतीत काकांचा आख्खा कॉम्प्युटर पुन्हा आला असता. तिसरा मधल्या भावाचा, राखाडी, ठोकळा, तोंडावर तीनशे.

मला दिवेवाला आवडला. एवढ्यावरून माझी पारख ओळखा. काका बघेनात, तेव्हा मी साडेचारशेच्या बाजूनं बोलायला लागलो. स्वस्तही आणि आकडाही मोठा, आणखी काय पाहिजे?

"लोड किती?" काकांनी मला विचारलं.

मला कुठून माहीत असणार. त्यांनीच बोटांवर मोजलं. जुना बोर्ड, एक हार्ड डिस्क, एक पंखा. दीडशेच्या आतच. मग म्हणाले, अहो शेजारी, साडेचारशे लिहायला शाई लागते फक्त. आणि हा उडाला, तर जाताना बोर्डालाही घेऊन जाईल.

इक्बालला ते लागलं. त्यानं एक वायर दुसऱ्या वायरीला पिनेनं जोडून पातळ डबा सुरू करून दाखवला. पंखा फिरला. "हे बघा चाचा. चालतंय ना?"

"रिकामं कोणीही फिरतं. लोडवर टाका."

आणि काकांनी पिशवीतून स्कूटरच्या हेडलाइटचा बल्ब काढला. दोन वायरी डाग देऊन पक्क्या केलेल्या. वीजघरात कुठलंही यंत्र ओझं देऊन बघितल्याशिवाय कामाला लावत नाहीत, तर हा डबा म्हणजे काल आलेला पोरगा, तो असा कसा घ्यायचा? इक्बालनं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

बल्ब लागला. काका स्टुलावर बसले आणि त्याच्याकडे बघत राहिले. दुकानात गिऱ्हाइकं येत होती, कोणाला पेनड्राइव्ह, कोणाला चार्जर, आणि प्रत्येक जण त्या बल्बासमोर जरा थांबत होता. पहिला चहा संपेपर्यंत उजेड पिवळट झाला. काकांनी पातळ डब्याला हाताची मागची बाजू लावली, मग इक्बालला लावायला सांगितली. त्यानं लावली आणि लगेच काढली. डबा खोक्यात भरला.

मग राखाडी ठोकळा. तेवढ्यात बाजारपेठेतली लाइट गेली. काका सवयीनं उठायला लागले, बहुतेक माफी मागायला, पण दुकानाला काउंटरच्या प्लगपुरता इन्व्हर्टर होता. बाकी सगळं काळवंडलं, शटरबाहेर पावसाची राखाडी भुरभुर, आणि काउंटरवर एवढासा बल्ब स्थिर जळत राहिला. काकांच्या चष्म्यात दोन बल्ब दिसत होते. मला खरंच वाटलं, की आपण पाण्याच्या तळाशी बसलोय आणि वरून कोणाची तरी होडी चाललीय.

"चाचा," इक्बालनं विचारलं, या वेळी हळू, "एवढं काय आहे हो त्या मशीनमध्ये?"

"गाव आहे. आमच्या गावात वीज आली नाही कधी. त्याच्या आधीच आम्ही निघालो."

इक्बालनं दुसरा चहा मागवला. त्या दिवशी त्याची घाई मी पहिल्यांदाच गेलेली पाहिली. लाइट परत आली तरी आम्ही तिघंही तसेच बसून होतो. दुसऱ्या चहाच्या शेवटालाही ठोकळा गार होता.

संध्याकाळी इक्बाल स्वतः स्कूटर घेऊन आला, कारण जुन्या हार्ड डिस्कला लागते ती रुंद पिन नव्या ठोकळ्याला नव्हती आणि जोडपिन द्यायची राहिली होती. त्यानंच ती बसवली. बटण दाबलं, दमेकरी पंखा खोकला, बीप झालं आणि निळ्या पडद्यावर एकेक घर उगवायला लागलं. इक्बालनं विचारलं, हे सगळं खाली आहे? काकांनी मान हलवली.

आक्का आली. बारीक, वाकलेली, आवाज मात्र नदीपलीकडे हाक मारायच्या सवयीचा. काकांनी तिला खुर्चीवर बसवलं, नकाशा उघडला, खालच्या कोऱ्या आळीवर बोट ठेवलं आणि माउस हातात धरून तयार राहिले. मी आणि बायको दारात उभे. बायको डोळ्यांनीच म्हणत होती, की आपण इथे कशाला? पण तिचाही पाय निघत नव्हता.

आक्का बराच वेळ बघत राहिली. निळं, त्यावर पांढरे चौकोन. तिला काहीच ओळखू येईना.

"हे कुठनं बघतुयास रं?"

"वरून, आक्का. नकाशा आहे. नकाशा वरूनच काढतात."

"वरनं?" ती त्याच्याकडे वळली. "वरनं पाणी बघतंय. तू काय पाणी हायस व्हय?"

काकांचा हात माउसवर तसाच राहिला.

"वाटंनं ये की. पारापासनं निघ. माझ्यासंगं चल."

आणि तिनं डोळे मिटून चालायला सुरुवात केली. पारावरून उतार, डाव्या हाताला तेलीणबाईंचं जोतं, तिथं कुत्री अंगावर येते, जपून. काकांनी माउस सोडला होता. ते नुसते ऐकत होते, आणि खरं सांगतो, तिनं जपून म्हटल्यावर त्यांनी पाय वर घेतला.

आक्का परत गेल्यावर काकांनी नकाशा बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पडद्याचा निळा रंग काढून टाकला, मातीचा घातला. आता ते चित्रं काढत. रेघा वेड्यावाकड्या, पण वाटेनं चालणाऱ्याच्या नजरेनं. आक्का फोनवरून पुढे चालायची, काका मागून. दुपारी त्यांच्या खिडकीतून तिचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात यायचा, आणि बायको फोडणी थांबवून ऐकायची.

मी अधूनमधून जाऊन चित्रं बघायचो. त्यांत काहीतरी चमत्कारिक होतं, ते मला उशिरा उमगलं. दारांच्या कड्या फार उंचावर होत्या. म्हशीचं पोट छतासारखं. माणसांची धोतरं आणि काठ्या होत्या, चेहरे नव्हते. काकांना हे सांगितलं, तर ते आश्चर्यानं म्हणाले, "माझ्या उंचीवरून तेवढंच दिसायचं हो."

काका गेल्या फाल्गुनात गेले, दुपारी झोपेतच. त्या दिवशी लाइट नीट होती. आता लाइट गेली की आळीतले लोक एकदा त्या ओट्याकडे बघतात. माफी मागायला कोणी येत नाही.

शेवटची खेप म्हणालेली आक्का तेराव्याला आली. पाहुणे पांगल्यावर तिनं मला कॉम्प्युटर लावायला सांगितला. काकांच्या मुलीला ते जमत नव्हतं आणि माझी ख्याती अजून टिकून होती. बटण दाबलं. काकांनी शेवटी काढलेलं चित्र आपोआप समोर आलं.

एक मातीची वाट. दोन्ही कडेला करवंदीच्या जाळ्या. घर नाही, नदी नाही. आणि वरच्या कडेतून खाली आलेला एक हात, हिरव्या बांगड्यांचा, मुलीचा, चित्राबाहेरच्या कोणा लहानाचं बोट धरलेला.

आक्का पुढे सरकली. तिनं पडद्यावरच्या हाताजवळ आपला हात नेला, पण लावला नाही.

"ह्यात आम्ही गावातनं निघालोय," तिनं मला विचारलं, "का येतोय?"

मी वाट नीट पाहिली. त्या वाटेवरून काही सांगता येत नव्हतं. मला चित्रातलंही कॉम्प्युटरइतकंच कळतं.

"येताय," मी म्हटलं.

आक्कानं मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"मग असू दे चालू."