सतारीवरचे रोगण

"तोंड भिंतीकडं करा, मास्तर. आता सांगा, कुठली ग्वाड?"

मी दुकानात शिरलो की आबा मला असे उभे करत आणि पाठीमागे दोन वाद्यांच्या तारा छेडत. लोणावळ्याच्या बाजारामागे त्यांचे सुतारकामाचे दुकान होते. खाटा, पाळणे आणि मोडकी वाद्ये, सगळ्यांवर त्यांचा हात सारखाच चाले. मी शाळामास्तर. सतार शिकायची हौस तेवढी होती.

एकदा मळवलीची भजनी मंडळी वीणा घ्यायला आली. भिंतीकडे तोंड करून सगळ्यांनी एकच आवाज पसंत केला. वळून पाहतात तो ती ठिगळे लावलेली जुनी वीणा. नेली मात्र नवी, चकचकीत. मला हसू आले.

"हसू नका," आबा म्हणाले. "चार मान्सांत मिरवायला नगं व्हय?"

तुम्ही-आम्ही तरी दुसरे काय केले असते? मी तर त्याहून वाईट केले.

आबांची सतार त्यांच्या वडिलांची. भोपळ्याला चीर, त्यावरची लाकडी पाटी, म्हणजे तबली, धुराने काळी. पण तार छेडली की आवाज बराच वेळ खोलीत रेंगाळे. एका बंगल्यातल्या बैठकीचे बोलावणे मीच त्यांना मिळवून दिले. मग पाहुणे त्या कळकट सतारीला काय म्हणतील, याची मलाच लाज वाटू लागली. "मी पोचवतो" म्हणून ती दोन दिवस आधी घरी नेली आणि खुर्च्यांसाठी आणलेल्या रोगणाचे तीन हात तिच्यावर चढवले.

बैठकीत आबांनी तार छेडली. आवाज उमटला आणि तिथेच बसला.

"काय सुंदर वाद्य आहे!" पाहुणे म्हणाले. आबा तासभर निमूट वाजवत राहिले.

परतताना मी म्हणालो, "आबा, ते मीच..."

"वासावरनं कळलं. खुर्च्या तरी बऱ्या झाल्या का?"

ते मला बोलले असते तर बरे झाले असते.

मग रोज काम आटोपल्यावर ते काचेच्या तुकड्याने रोगण खरवडत. थोडे खरवडायचे, तार छेडायची, मान हलवायची. एके दिवशी त्यांनी काच माझ्या हातात दिली.

"उजवी बाजू मी बगतो. डावी तुमची. हात हलका ठेवा."

"लाकडाला लागलं तर?"

"लागंल की. लाकूडच हाय ते."

तरी माझा हात धजेना. दोन बोटांएवढी जागा मोकळी करून मी थांबलो, तो थांबलोच. त्याच पावसाळ्यात आबा तापाने गेले. त्यांचा मुलगा सतार माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, "आबा म्हनलं, मास्तरांचं काम अर्धं ऱ्हायलंय."

सतार समोरच्या भिंतीवर आहे. उजव्या बाजूला लाकडाच्या रेषा उघड्या दिसतात. डावी अजून चमकते, आणि घरी येणारा प्रत्येक जण तिच्याकडेच पाहून सतारीची वाखाणणी करतो.