आईच्या मंगळावरच्या सरळ रेघा

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या गणपतीत, तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसादाच्या टेबलाशेजारी. करणारे आपल्या मंडळाचे सेक्रेटरी काका, आणि टाळ्या वाजवणारे तुम्ही सगळे.

आई डॉक्टर आहे, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात एक्स-रे वाचते. दिवसभर सावल्या बघायच्या आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं, हे तिचं काम. मंगळ जवळ आला होता तेव्हा जेवणं लवकर उरकून आम्ही दोघी दुर्बीण घेऊन ब्लॉकच्या कारपार्कच्या गच्चीवर जायचो. सिंगापूरचं आकाश म्हणजे क्षणभर मंगळ आणि तासभर ढग. ती स्टुलावर बसून वाट बघायची, मी डास मारत वैतागायचे. दुर्बिणीतला मंगळावरचा डाग थरथरायचा थांबला की मगच तिची पेन्सिल कागदाला लागायची.

असा तिनं नकाशा केला. जुन्या दुर्बीणवाल्यांसारखी नावंही स्वतःच ठेवली. काळा त्रिकोणी डाग म्हणजे चतकोर. टोकावरचं पांढरं बर्फ म्हणजे साय. एकटाच पडलेला गोल ठिपका म्हणजे उबीन, कारण रविवारी आम्ही त्या बेटावर सायकली चालवायला जातो. मध्ये बरीच मोकळी जागा होती. तिथे तिनं लिहिलं होतं, 'दिसलं नाही.'

काकांनी तो नकाशा गणपतीच्या प्रदर्शनासाठी मागून नेला. मंडपात मोठ्या थाटात पडदा सरकवला, तर समोर भलताच मंगळ! मोकळी जागा गायब. पुसट डाग एकमेकांना जोडून पट्टीनं मारल्यासारख्या सरळ रेघा. चतकोराला एका प्रायोजकाचं नाव, उबीनला दुसऱ्याचं. खाली ठळक अक्षरांत आईचं.

"जरा क्लीन केलं, वहिनी," काका म्हणाले. "मोकळं दिसलं की लोकांना वाटतं काम अर्धवट राहिलं."

"पण तिथे मला काही दिसलंच नव्हतं."

"अहो, मंगळावर कोण जाऊन बघतंय!"

सगळे हसले. मी चिडून म्हटलं, "काका, कॅनॉट लाह! असं नाही चालत!" तर म्हणे, "बाळा, मोदक घे."

दीडशे वर्षांपूर्वी हेच झालं होतं. भल्याभल्यांनी अंधूक ठिपके जोडून रेघा ओढल्या, लोकांनी त्यांना कालवे ठरवलं, मग कालवे खणणारेही मंगळावर नेऊन बसवले. काळ्या डागांना समुद्र समजून ओळखीपाळखीच्यांची नावं दिली. पण ती माणसं निदान वर्षानुवर्षं दुर्बिणीला डोळा लावून बसली होती. काका एकदाही गच्चीवर आले नाहीत.

आईनं एकच मागितलं, "माझं नाव तेवढं काढा."

"आता प्रिंट झालं ना, वहिनी! घरोघरी वाटायचंय."

आणि वाटलंच. त्या दिवसापासून दुर्बीण कपाटात आहे. मंगळ परत जवळ येईल तेव्हा जाऊ या म्हटलं, तर आई म्हणाली, "कशाला? मी काय बघितलं ते दुसरेच ठरवणार."

तो नकाशा तुमच्या फ्रिजवर आहे. मी पाहिलाय, चहाला आले होते तेव्हा. उठा, पेन घ्या, खालचं माझ्या आईचं नाव खोडा. मग आमच्याकडे या आणि तिला तसं तोंडावर सांगा.