भज्यांच्या कढईतली बेअरिंगं

चहा तुम्ही पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर एवढा मोठा गाढवपणा कोण आपण होऊन सांगेल?

मी तारापूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्सला. पंपाचं बेअरिंग खोललं नाही असा आठवडा गेला नाही. अशा माणसाला बेअरिंगमधलं कोणी काही शिकवायचं?

धाकटा भाऊ नितीन शिरगावला, आमच्या वाडीतल्या घरात. पोटाचा कॅन्सर. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. तर या पठ्ठ्याने खाटेवर बसून रिमोटची गाडी जुळवायला घेतली. खोक्यातून सगळे सुटे भाग येतात, एकेक स्क्रू आपण लावायचा. दोन महिने लागले. इच्छा एकच, किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत ती एकदा पळवायची.

चाकांत प्लास्टिकचे बुश, म्हणजे नुसत्या कड्या आलेल्या. ते काढून बॉल बेअरिंग टाकली की गाडी कितीतरी जोरात पळते, असं त्याने मोबाइलवर पाहिलं. शर्टाच्या बटणाएवढी आठ बेअरिंगं मागवली. पण तोवर बोटांत जोर राहिला नव्हता.

"दादा, तू बसव. नुसतं बोटाने दाबलं तरी बसतात, असं लिवलंय."

लिवलंय? आणि ते मला सांगतोय? कारखान्यात आम्ही बेअरिंग तेलात तापवतो. ते फुगतं, मग शाफ्टवर अलगद उतरवायचं. गार झालं की असं आवळून बसतं, हत्तीने ओढलं तरी सुटत नाही.

नितीनची बायको नंदा, तिची भज्यांची कढई मी गॅसवर चढवली.

"भावजी, काय तळताय?"

"बेअरिंगं."

"त्यांना इचारलं का?"

"त्याला काय कळतंय त्यातलं?"

चिमट्याने एकेक उचललं आणि चाकामागच्या खोबणीत ठेवलं. इतकं गोड बसलं की मी स्वतःवरच खूश. आठच्या आठ, एकदाही जोर लावावा लागला नाही. का लागला नाही, हा विचार डोक्यात आलाच नाही. खोबण प्लास्टिकची होती हो. बेअरिंग बसत नव्हतं, खोबण वितळून त्याच्या गोळ्यांत शिरत होती. गार झाल्यावर चाक फिरवून बघावं, तर तेही नाही. मी बसवलेलं, बघायचं काय?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला नितीनला खुर्चीसकट किनाऱ्यावर नेलं. त्याने रिमोट दाबला. मोटर कण्हली, चाकं जागची हलली नाहीत. मग जळका वास आला.

मी गाडी उचलून दिली, ती उलटी करून त्याने चाकांमागे बघितलं.

"दादा, तापवून बसवलीस?"

मी मान डोलावली. वाळूत तोंड खुपसावंसं वाटत होतं.

"एकतीस वर्सं," तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता ठसका लागला, तो थांबेना, म्हणून घरी आणलं.

वितळलेले भाग मी त्याच दिवशी नवीन मागवले. ते आले तेव्हा नितीनला जाऊन तीन दिवस झाले होते.

गाडी आता शोकेसमध्ये आहे. भेटायला आलेला प्रत्येक जण ती हातात घेतो, चाक फिरवून बघतो आणि विचारतो, हे फिरत का नाय?

मी सांगतो, बेअरिंगं नितीनने बसवली, आजारात बिचाऱ्याला काही सुचत नव्हतं.

नंदाच्या समोर सांगतो.