आयली रांतालाचा चौथा खून

रविवार, १८ जानेवारी २०१५. कॉफीच्या रिकाम्या डब्यात तीन डॉलर पंचवीस सेंट जमा झाले. डबा आमच्या गावच्या वाचनालयाच्या तळघरात, टेबलाच्या मधोमध होता. पैशांबरोबर त्यात घडी घातलेल्या चार चिठ्ठ्याही होत्या आणि आयली रांतालाचे डोळे त्या चिठ्ठ्यांवरून हलत नव्हते.

आमच्या मंडळाची पद्धत जुनी आहे. कोणी रहस्यकादंबरी लिहिली की हिवाळ्यात दर रविवारी तिचे एक प्रकरण मोठ्याने वाचायचे. शेवटचे प्रकरण उरले की प्रत्येक ऐकणाऱ्याने एक डॉलर आणि खुन्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्याने खुनी ओळखला, डबा त्याचा. कोणालाच ओळखता आला नाही, तर डबा लेखकाचा. खरे तर आता लिहिणारी एकटी आयलीच आहे. बाकीचे आम्ही चौघे लिहायला म्हणून आलो आणि ऐकायला राहिलो. नऊ वर्षांत तिने तीन कादंबऱ्या वाचल्या, पण डबा एकदाही तिच्या घरी गेला नव्हता.

आयली तेव्हा बहात्तर वर्षांची होती. गावाजवळच्या तळ्याच्या उत्तरेकडच्या रस्त्यावर तिने एकतीस वर्षे शाळेची पिवळी बस चालवली. रहस्य लिहायला कुठे शिकलीस, असे कोणी विचारले की ती म्हणे, "आरशात." ड्रायव्हरच्या डोक्यावर जो लांबट आरसा असतो, त्यात तिला मागची सगळी तोंडे दिसत.

"खोटं बोलणारं पोर खिडकीबाहेर बघतं म्हणतात," ती सांगे. "साफ चूक. ते सरळ तुमच्या डोळ्यांत बघतं. खिडकीबाहेर बघतं ते शेजारचं, ज्याला खरं काय ते ठाऊक असतं."

तिच्या कादंबऱ्यांत पोलीस कमी आणि अशी शेजारची माणसे जास्त असत.

तिचे वडील तळ्यावरचे जुने कोळी. बर्फ पुरेसा जाड झाला की त्यावर लाकडी खोपटे उभे करायचे, आत टेबलाएवढे भोक कापायचे आणि अंधारात बसून भाल्याने मासा मारायचा, हा त्यांचा हिवाळा. खोपटे हलवले की उघड्या भोकाभोवती खुणेसाठी स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवायच्या. रात्रीत त्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, वर हिम पडते, आणि मग तिथून जाणारा माणूस सरळ पाण्यात. एकदा आयली फांद्या विसरून घरी आली, तेव्हा वडिलांनी तिला सूप पुढ्यात असताना उठवून परत तळ्यावर पाठवले. ही गोष्ट ती सूप वाढताना नेहमी सांगायची. आमच्याकडे ज्याच्या त्याच्या घरी अशी एक गोष्ट आहेच, त्यामुळे कोणी फारसे ऐकत नसे.

लिहिण्याची तिची तऱ्हा मात्र दुसऱ्या कोणाची नव्हती. घरामागच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, कपडे बदलायची एक लहान खोली आहे. तिथे तिने दोऱ्या बांधल्या होत्या आणि चिमट्यांनी प्रकरणे ओळीने टांगली होती. प्रत्येक संशयिताचा एक लोकरी हातमोजा ती विणे आणि ज्या प्रकरणात तो माणूस काही लपवत असेल, त्या प्रकरणाशेजारी तो अडकवे. एकाच माणसाचे पाच-सहा मोजे लागत. "दोन पानं कोणाचाच मोजा दिसला नाही," ती म्हणे, "की समजायचं वाचणारा आता चहा टाकायला उठला." सौनाच्या वाफेने कागदांच्या कडा वळत, आणि तिच्या हस्तलिखितांना कायम बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास येई. कादंबरी संपली की खुन्याचे मोजे ओळखणाऱ्याला बक्षीस मिळत. बाकीचे चर्चच्या बाजारात विकले जात.

तिची अडचण एकच होती आणि तिचे नाव एल्मो किवेला.

एल्मो निवृत्त न्हावी. खुर्चीत बसलेल्या माणसाला बोलते ठेवायची सवय त्याची गेली नव्हती. वाचन चालू असताना तो मधेच म्हणे, "हा पाद्री खुनी. लावा पैज." आयलीचा चेहरा पडे. पुढच्या रविवारपर्यंत ती पाद्र्याचे मोजे उतरवून खून डॉक्टरवर टाके. मग एल्मो म्हणे, "पाद्री नाही, डॉक्टर." असे करत पहिल्या पुस्तकात खुनी तीनदा बदलला, आणि आधीच्या खुन्यांचे पुरावे पानापानांत तसेच राहिले. पाद्र्याच्या बुटाला चिखल का होता, याचे उत्तर आजतागायत कोणाकडे नाही. डुलूथ शहरातल्या एका छोट्या प्रकाशनाने ते हस्तलिखित परत पाठवताना लिहिले होते, "खून कोणी केला हे लेखिकेलाही ठाऊक नसावे." दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे तेच झाले. तिसरे तिने मार्चभर सौनाची चूल पेटवायला वापरले.

"छान पेटतं," ती म्हणाली होती. "गोष्टीत नव्हती तेवढी आग आहे त्यात."

चौथे सुरू करताना तिने आम्हाला स्पष्ट सांगितले. खुनी ठरला आहे आणि तो बदलणार नाही. डबा मिळाला तर हस्तलिखित महिनाअखेरच्या मुदतीत डुलूथला जाईल. आम्ही खुनी ओळखला तर ते चुलीत जाईल, आणि त्यानंतर ती फक्त मोजे विणेल.

"नुसते मोजे?" बर्निस ओडेगार्डने विचारले. बर्निस आमची ग्रंथपाल. तिला रविवारी तळघर उघडण्याचे काही मिळत नाही, तरी ती उघडते.

"नुसते. बिनखुनाचे."

कादंबरी आमच्याच तळ्यासारख्या तळ्यावरची होती. बर्फावर खोपटी भाड्याने देणारा ऑर्विल नावाचा तुसडा माणूस नाहीसा होतो आणि वसंतात पाण्यात सापडतो. बायको रोझेला त्याला कंटाळलेली. शिकागोहून आलेला मेहुणा डेल कर्जात बुडालेला. आणि बर्फावरच्या रस्त्यावर हिम सारायची गाडी चालवणारा इव्हर, ज्याचा मुलगा ऑर्विलच्या एका कुजक्या खोपट्यामुळे लंगडा झालेला. चौथ्या प्रकरणात लोक ऑर्विलला शोधायला तळ्यावर जातात. आयलीने वाचले, की खोपटे जागेवरून सरकले होते, भोकावर नवा बर्फ धरला होता, भोवती चार फांद्या उभ्या होत्या, आणि पलीकडे डेलची शहरी टोपी पडली होती. तेवढ्यात एल्मोने पुलाचा आणखी एक तुकडा मागितला. पुला म्हणजे आमचा वेलदोडे घातलेला गोड पाव. आयली न थांबता वाचत राहिली.

नाताळच्या आधीच्या रविवारी मात्र व्हायचे ते झाले.

"इव्हर," एल्मो म्हणाला. "गाडीवाला. पोराचा बदला."

आयलीने पान उलटले. पण मी शेजारीच बसलो होतो. पान उलटताना तिचा अंगठा दोनदा घसरला.

मंगळवारी मी तिचे कराचे कागद न्यायला गेलो, तेव्हा ती सौनाच्या खोलीत स्टुलावर उभी होती. दोरीवर लाल मोजे होते, पिवळे होते. निळे मोजे निम्मे उतरवून तिने बादलीत टाकले होते.

"निळा कोण?" मी विचारले आणि विचारताक्षणी कळले की विचारायला नको होते.

"इव्हर. ओळखलं त्या न्हाव्यानं. आता रोझेलाला खुनी करते. दोन प्रकरणं फिरवली की झालं."

"आयली, खाली उतर."

"रूबेन, तू कराचं बघ. खून मी बघते."

"एल्मोने या पुस्तकात आत्तापर्यंत कोणाकोणाला खुनी म्हटलंय?"

ती बोटे मोजू लागली. रोझेला, डेल, खानावळीतली आचारीण, पोस्टमन.

"आणि दुसऱ्या आठवड्यात ऑर्विल," मी म्हणालो. "जो मेलाय तोच. एल्मो सगळ्यांची नावं घेतो. त्यातलं एक खरं निघणारच. त्याने ओळखलं नाही, त्याच्या तोंडून गेलं एवढंच. तू नाव बदललंस की त्याला कळतं आधीचं बरोबर होतं."

तिने हातातला निळा मोजा उलटापालटा केला. मग म्हणाली, "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही."

"एकतीस वर्षं बस चालवली. मागे कितीही गोंधळ झाला तरी गाडी सरळ ठेवायची असते," ती स्वतःशीच बोलली आणि मला म्हणाली, "बादली दे इकडे." निळे मोजे एकेक करून परत वर गेले. खाली उतरल्यावर तिने मला बजावले, "तुझं मत आता बाद. पण डॉलर द्यावा लागेल."

त्यानंतरच्या प्रकरणात फुटत्या बर्फावर अडकलेल्या एका कुत्र्याला इव्हर पोटावर सरपटत जाऊन सोडवतो. बर्निसने डोळे पुसले. एल्मो गप्प बसला, आणि ही आमच्या मंडळाच्या इतिहासातली नोंद घेण्यासारखी घटना होती.

तर, अठरा जानेवारी. मी कोरी चिठ्ठी आणि एक डॉलर टाकला. बर्निसने एक टाकला. नॉर्बर्ट सुंदीनने एक टाकला. नॉर्बर्ट सव्वीस वर्षे शेरीफच्या पोलीस कचेरीत होता आणि त्या काळात होड्यांची इंजिने सोडून इथे काही चोरीला गेले नाही. एल्मोने पंचवीस सेंटचे नाणे टाकले.

"हे काय?" बर्निस म्हणाली.

"इतक्या सोप्या खुनाला पूर्ण डॉलर? सुट्टे नाहीत. बाकीचे देईन."

नॉर्बर्टने चिठ्ठ्या उघडल्या. त्याची स्वतःची, "रोझेला."

"तू प्रत्येक वेळी बायकोच लिहितोस," आयली म्हणाली.

"प्रत्यक्षात बायकोच असते."

"प्रत्यक्षात तू एकही खून पाहिला नाहीस, साहेब."

बर्निसची, "डेल." माझी कोरी. मग एल्मोची. नॉर्बर्टने ती डोळ्यांपासून लांब धरली. आयली खिडकीबाहेर बघू लागली. तळघराच्या त्या खिडकीतून फक्त हिम आणि गाड्यांची चाके दिसतात.

"डेल," नॉर्बर्टने वाचले.

आयलीने चष्मा पुसला आणि शेवटचे प्रकरण वाचायला घेतले. त्यात शेरीफ डेलला बेड्या घालायला निघतो आणि दारातच थबकतो. भोकाभोवती फांद्या कोणी रोवल्या? शिकागोच्या माणसाला हे ठाऊक नाही. रोझेला त्या हिवाळ्यात बर्फावर गेलीच नव्हती. ज्याने ऑर्विलला पाण्यात लोटले, त्याने मागे फिरून झाडाच्या फांद्या तोडल्या आणि नीट रोवल्या, कारण सकाळी तिथून पोरे जातात. इव्हर शेरीफला म्हणतो, "त्याला मारलं. पण भोक तसंच टाकून जाववलं नाही."

नॉर्बर्टने डबा आयलीकडे सरकवला. शेवटी एल्मो म्हणाला, "हे तू सांगितलं नव्हतंस."

"चौथं प्रकरण. चार फांद्या. तू पाव मागत होतास."

"फांद्या काय, त्या असतातच."

"त्याच भरवशावर होते मी."

नॉर्बर्ट हसत सुटला, मग बर्निस, आणि शेवटी एल्मोही हसला. "मी इव्हर म्हटलं होतं," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "नाताळच्या आधी म्हटलं होतं. त्या कुत्र्याने घात केला."

"कुत्रं त्यासाठीच होतं," आयली म्हणाली. तिने डबा कोटाच्या आत घेतला आणि घरी जाईपर्यंत तो खुळखुळत होता, असे बर्निस सांगते. दुसऱ्या दिवशी हस्तलिखित डुलूथला गेले. एप्रिलमध्ये होकार आला. संपादिकेने एवढेच विचारले होते, की कागदांना धुराचा वास का येतो. ऑक्टोबरात पुस्तक निघाले, आणि आयलीने पहिल्या प्रती बसच्या त्याच रस्त्याने घरोघर नेऊन दिल्या. आता ती पाचवे लिहिते आहे. दोरीवर हिरवे मोजे दिसतात. कोणाचे ते मी विचारले नाही.

खुन्याचे निळे मोजे ओळखणाऱ्याला द्यायचे, आणि कोणी ओळखले नव्हते. एल्मो अजून त्यांवर हक्क सांगतो. आयली म्हणते, आधी डबा पूर्ण कर. मोजे सौनाच्या खोलीत खुंटीला आहेत. एल्मोकडून पंचाहत्तर सेंट येणे बाकी आहे.