उचललेलं बोट

काल संध्याकाळी सातपूरहून मोटरसायकलवर घरी येताना, द्वारका चौकातल्या गर्दीत समोरून येणाऱ्या एका स्कूटरवाल्याने माझ्याकडे बघत एक बोट उचललं. अंगात त्राण नव्हतं, तरी माझंही बोट हँडलवरून आपोआप उठलं.

ही सवय ऑस्ट्रेलियातली, वीसेक वर्षांपूर्वीची. कारखान्याने मला तिथल्या एका खाणीवर मशीन बसवायला धाडलं होतं. तांबड्या मातीच्या ओसाड माळावरून दोन दिवस एकट्याने गाडी चालवायची होती. तासाभराने एखादी गाडी समोरून यायची आणि आतला माणूस स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचा. आपल्याकडे समोरचा खूण करतो ती काहीतरी बिघडलंय म्हणूनच. मी दरवेळी थांबायचो. टायर बघायचो, दारं बघायचो, भाजणाऱ्या उन्हात गाडीखाली वाकायचो. काही सापडायचं नाही, मग भीती आणखी वाढायची.

चौथ्यांदा थांबलो, तेव्हा बोट उचलून पुढे गेलेली एक म्हातारी ट्रक वळवून परत आली. "काय बिघडलं?" तिने विचारलं.

"तेच शोधतोय. तुम्हीच खूण केलीत ना?"

ती हसली नाही. म्हणाली, "अरे बाबा, नमस्कार होता तो. इथे दुसरं कोण भेटतंय?"

पुढे खाण येईपर्यंत मी प्रत्येक गाडीला बोट उचललं.

काल तो स्कूटरवाला शेजारून जाताना ओरडला, "काका, स्टँड!"

मी पायाने स्टँड वर घेतला. सकाळपासून माझ्याकडे नीट बघितलेला तो पहिलाच माणूस होता.