डिस्क पिशवीत घालून नेणारे अण्णा

अण्णांनी आयुष्यात एकही वायर नीट काढली नाही. ते ती उपटायचे, गवत उपटावं तशी. डिस्क चालू असो, तिच्यावरचं काही टीव्हीवर दिसत असो, अण्णांना ती हवी म्हणजे हवी. "काम झालं की काडायची. चालू ठिवून कुनाचं भलं झालंय?" आणि काम झालंय की नाही, हे तेच ठरवणार.

२००८ साली मी परभणीहून नोकरीसाठी पुण्याला आलो आणि जवळच सूसला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो. अण्णा शेतकरी, साठी ओलांडलेले. पण वीसेक वर्षं त्यांनी मुळशीतल्या गावोगावच्या लग्नांचं शूटिंग केलं होतं, निव्वळ हौसेनं. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा एका स्टुडिओवाल्याकडून सगळी लग्नं दोन एक्स्टर्नल डिस्कवर भरून घेतली आणि कॅसेटी फेकून दिल्या. त्या डिस्क घेऊन ते माझ्या दारात आले. "संदीप, ही लग्नं टीव्हीवर दिसाया पायजेत."

मी दोन रविवार घालवून एका जुन्या कॉम्प्युटरचा मीडिया सर्व्हर केला, दोन्ही डिस्क जोडल्या, गाववार याद्या लावल्या. खालच्या टीव्हीवर गाव निवडायचं, लग्न निवडायचं, की झालं. चौथ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

"तुजं मशीन आंधळं झालंय. कायच दावंना."

"अण्णा, डिस्क कुठंय?"

"माज्या पिशवीत."

"मग दिसणार कसं?"

"आता ते तू बग की."

असं आठवड्यातून दोनदा व्हायचं. डिस्क परत लावली की सर्व्हर तिला ओळखायचा नाही, आणि मी पुन्हा सगळ्या याद्या लावत बसायचो. शेवटी वैतागून मी राउटरला जोडायचा, आतच स्वतःच्या दोन डिस्क असलेला एक डबा आणला. सगळी लग्नं कॉपी करून त्यात उतरवली की बाहेरच्या डिस्कना कोणी हात लावायचं कारणच उरणार नव्हतं. तो मी भिंतीवर उंच बसवला. अण्णांनी मान वर करून पाहिलं. "म्हंजे ह्यो घरातनं हलायचाच न्हाई? मग उपेग काय त्येचा?" दोन दिवसांनी त्यांनी तो अजून रिकामाच असलेला डबा खाली काढून शेजारच्या लवळे गावाला नेला आणि चिडून परत आणला. "तितं कायच दिसलं न्हाई. फसीवलं तुला दुकानदारानं."

ते डिस्क घेऊन जातात कुठं, हे मला एका शनिवारी कळलं. त्यांना गाडीवरून उरवड्याला सोडायचं होतं. तिथं यमुनाबाई राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा कारखान्यातून घरी येताना अपघातात गेला होता. गावातल्याच कुणाच्या तरी लग्नात तो पंगतीला वाढताना अण्णांच्या कॅमेऱ्यात आला होता. जेमतेम दहा सेकंद. शेजाऱ्यांचा कॉम्प्युटर बाईंच्या घरी आणून अण्णांनी ते दाखवलं. बाई म्हणाल्या, "आनिक येकदा." असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. अण्णांनी एकदाही घाई केली नाही. परतताना मी विचारलं, "त्यांनाच आपल्याकडं बोलवायचं ना?" अण्णा म्हणाले, "तिनं पोराला बगाया लोकाच्या दारात यायचं व्हय रं?"

त्याच आठवड्यात मी ती डिस्क डब्यात उतरवायला घेतली. दिवसभराचं काम होतं. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं : हात लावू नका. संध्याकाळी घरी आलो तर अण्णा पायरीवर बसलेले, डिस्क मांडीवर. चालू असतानाच उपटली होती आणि ती हातातून फरशीवर पडली होती. जोडली की आतून नुसतं टक टक वाजायचं.

"कागद वाचला नाहीत?"

"वाचला."

"मग?"

"बाईचा निरोप आल्ता."

मी ओरडलो. वडिलांच्या वयाच्या माणसाला तोंडाला येईल ते बोललो. उरवड्याची सगळी लग्नं त्याच डिस्कवर होती आणि उतरली होती फक्त लवळ्याची. अण्णा एवढंच म्हणाले, "चुकलं माजं." पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यानंही हात टेकले.

मला वाटलं, आता ते उरवड्याचं नाव काढणार नाहीत. पण रविवारी टोपी घालून माझ्या गाडीपाशी उभे. "तिला सांगाया नको?"

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डिस्क गेली. पन शूटिंग तुमीच केल्तं न्हवं? तुमी सांगा, काय करत व्हता त्यो."

अण्णा सांगू लागले. कसा वाकला होता, बाही कशी दुमडली होती, म्हाताऱ्याला कसा आग्रह करत होता. "हातात बुंदीचं ताट व्हतं."

"बुंदी न्हाई," बाई म्हणाल्या. "जिलबी."

"व्हय, जिलबी," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले.

त्यानंतर ते दर रविवारी रिकाम्या हातानं उरवड्याला जायचे. २०१० साली माझी बदली झाली आणि मी खोली सोडली. तो नेमका रविवार होता. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि निघायची वेळ चार दिवस आधी सांगूनही अण्णांचा पत्ता नव्हता. तासभर वाट पाहिली, चिडलो, किल्ली अण्णांच्या घरच्या काकूंच्या हातात दिली आणि निघालो.